चौथा टायर

ही गोष्ट खरी आहे.

असं प्रत्येक जण म्हणतो, मला माहीत आहे. मीही या पानावरच्या कथा वाचते आणि निम्म्यांवर विश्वास ठेवत नाही. तुम्ही माझ्यावर ठेवला नाहीत तर मी रुसणार नाही. फक्त आधीच सांगते, यात केस मोकळे सोडलेली बाई नाही. कुणी किंचाळत नाही. कुणी मरतही नाही. जो मरायचा होता तो वर्षभर आधीच गेला होता.

यात एक आवाज आहे.

आणि आता तो येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शुक्रवार होता. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. जागा म्हणजे आमचं स्वयंपाकघर, तिसरा मजला, जिथे दोन खुर्च्या मांडल्या की ओट्यापर्यंत जायला आडवं व्हावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आईला घेऊन गाडीने समुद्रावर जाणार होते. साडेपाच तासांचा रस्ता. शनिवारी मुक्काम, रविवारी परत.

आमच्या घरात ही सहल सव्वीस वर्षं ठरत होती.

माझे बाबा गाडी शिकवायचे. गल्लीत त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक असतो ना, बाबांचा उजवा पाय आयुष्यभर त्याच्यावर होता. ते इतके भित्रे की कागद उडत आला तरी ब्रेक मारायचे.

त्यांची एक पद्धत होती. नवीन विद्यार्थी आला की पहिले तीन दिवस गाडीला हात लावायचा नाही. त्याला आमच्या स्वयंपाकघरात आणायचे. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. एकीवर विद्यार्थी, दुसरीवर बाबा. फरशीवर तीन जुन्या चपला, म्हणजे क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. मग डोळे मिटायचे आणि तोंडाने बोलत बोलत रस्ता चालवायचा. गल्ली संपली. दोन्हीकडे बघितलं. दुसरा गिअर. चुकलं की बाबांचा पाय फरशीवर पडायचा... धप्प. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर येऊन भांडून जायचे.

अजून एक. निघण्याआधी ते गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि चारही टायरांना बुटाचं टोक मारून बघायचे. ठप. ठप. ठप. ठप. मग दार उघडून शेजारी बसायचे. चौथी ठोकर ऐकू येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, हा नियम. खुर्चीवर शिकवतानासुद्धा खुर्चीच्या चार पायांना चपलेचं टोक मारायचे. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "हवा पण बघून घ्या खुर्चीत."

आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ते हसत सांगायचे, "ज्या दिवशी माझ्या चौथ्या ठोकरीची वाट न बघता निघशील, त्या दिवशी तुला गाडी आली. मग मी उतरायला मोकळा."

एकाच तोंडाने नियम सांगायचे आणि त्याच तोंडाने हे.

लग्न झाल्या झाल्या त्यांनी आईला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. पण शिकायला येणारे सगळे नोकरदार, त्यांना सुट्टी शनिवार-रविवार. त्यामुळे बाबांना कधीच नाही. मग रविवारी संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी गेला की ते आईला शेजारच्या खुर्चीवर बसवून, डोळे मिटून समुद्रावर न्यायचे. पूल. कारखान्यांची धुराडी. पाण्याची उंच टाकी. मी तिथेच बसून अभ्यास करायचे, त्यामुळे न गेलेला तो रस्ता मला तोंडपाठ होता.

गेल्या वर्षी एकदाचा मुहूर्त लागला. बाबांनी शनिवार-रविवारचे सगळे विद्यार्थी रद्द केले. अर्धा रस्ता मी चालवायचा, असं ठरलं. गुरुवारी सरावाला गेलो. चढावर माझी गाडी तीनदा बंद पडली, मागून हॉर्न वाजायला लागले आणि बाबा हसले. वाईट नव्हते हसले, नेहमीसारखेच हसले होते.

मी म्हणाले, "मला नाही शिकायची तुमची गाडी. आणि मी येणारही नाही तुमच्याबरोबर."

मी नाही म्हटल्यावर आईही नको म्हणाली. सहल राहिली. रिकामं बसायला नको म्हणून बाबांनी शनिवारी सकाळी एका विद्यार्थिनीला परत बोलावलं. बेकरीवाली बाई होती, पन्नाशीची. मी अंथरुणातच होते. बाबांनी दारातून आवाज दिला होता, "रुसूबाई, येतेस का नुसती मागे बसायला?"

मी जागी होते. उत्तर दिलं नाही.

बेकरीवाली नंतर घरी आली होती. ती म्हणाली की चौकात ट्रक आला, तिचा पाय गोठला, पण शेजारचा ब्रेक दाबला गेला आणि गाडी जागेवर थांबली. आभार मानायला तिने मान वळवली, तर बाबांची मान कलंडलेली होती. पाय मात्र ब्रेकवर होता. तो काढायला दोन माणसं लागली.

मग तिने आवाज खाली आणला...

"ताई, मास्तर कधी गप्प बसायचे का? पण त्याआधीच्या तीन गल्ल्या ते एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, मी छान चालवतेय."

मी यावर विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. मी कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासत बसते. विचार न करायला ते काम बरं आहे.

त्यानंतर मी गाडी शिकले. शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, मी कुणाची मुलगी ते न सांगता. परवाना मिळाला, पण आमच्या गाडीत मी वर्षभर बसले नाही. मेकॅनिकने तिच्यावरची पाटी आणि दुसरा ब्रेक काढून दिला. तो ब्रेक वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला होता.

मग आईचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. तिला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं असेल तर ती दाराकडे बघते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की कडाही फार तर वर्षअखेरपर्यंत. जे बघायचं असेल ते बघून घ्या.

आई रिक्षात बसता बसता म्हणाली, "समुद्र."

तर तो शुक्रवार. पिशवी भरून झाली होती. आईने दोन खुर्च्या ओढल्या, चाचपडत तीन चपला मांडल्या आणि म्हणाली, आधी खुर्चीवर चालवून दाखव, मगच मी उद्या बसेन. मला हसू आलं. मी बसले आणि डोळे मिटले.

टक...

टक...

टक...

टक.

मला वाटलं, आई गंमत करते आहे. मी डोळे उघडले.

आई सिंकपाशी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. शेजारची खुर्ची रिकामी.

ती मागे न वळता म्हणाली, "झाले चार. निघ आता."

मी घाबरले. पण खरं सांगू? भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी एका बाजूने उचलावं तसं. मी डोळे परत मिटले आणि बोलायला लागले. गल्ली संपली. दोन्हीकडे बघितलं. दुसरा गिअर. पूल आला. धुराडी गेली. शेजारून काहीच आवाज नव्हता.

"पाण्याची टाकी गेली. रस्ता सरळ. चौथा गिअर..."

धप्प.

माझ्या पायाखालची चप्पल हलली. ओट्यावरचे पेले वाजले.

आई म्हणाली, "टाकीनंतर वळण आहे. विसरलीस तू."

मी विचारलं, कधीपासून होतंय हे? ती हात पुसत राहिली. मग म्हणाली की दर रविवारी संध्याकाळी होतं. ती खुर्ची मांडते, ते येतात. तुला सांगितलं असतं तर तू मला आणखी एका डॉक्टरकडे नेलं असतंस.

नेलंच असतं.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही खाली उतरलो. चांगलं उजाडलं होतं. मी आईला पुढे बस म्हटलं. ती नको म्हणाली, ती जागा त्यांची आहे. मागे बसली, बरोबर माझ्या पाठीशी. मी किल्ली लावली आणि हात मांडीवर ठेवले. सकाळी दूध घ्यायला उतरलेले लोक बघत होते. मी वेड्यासारखी थांबले होते.

ठप.

मागचं चाक.

ठप... ठप...

ठप.

मग गाडी शेजारच्या बाजूला थोडीशी खाली दबली. आपलं माणूस बसलं की दबते तेवढीच.

मला रडू फुटलं. मागून आई म्हणाली, "रडत चालवू नकोस. आपल्या घरात दिसणारे डोळे आता तुझेच आहेत."

मी चालवलं. चढ आला, गाडी बंद पडली नाही. टाकी आली. टाकीनंतर वळण होतंच. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला नव्हता, तरी गाडीचा वेग उतरत गेला, अगदी हळू, समजूतदारपणे. शेजारच्या सीटसमोर नुसती चटई होती.

तिथून ट्रक आला असता तर ही गोष्ट जास्त चांगली झाली असती. काही आलं नाही. रस्ता मोकळा होता. एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. बाबा उगाचच ब्रेक मारायचे, तसाच मारला.

मी आरशात बघितलं. आई माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे एकटक बघत होती. तिला कडेचं दिसतं. माझ्या डोक्याच्या कडेला शेजारची सीट येते.

"आई, काय दिसतंय?"

"तू समोर बघ," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लाज होती. नव्या नवरीची असते तशी. मी परत विचारलं नाही.

वाटेत चहाला थांबलो. निघताना चार ठोकरी. पेट्रोल भरलं. चार ठोकरी. मला सवय झाली. हसू नका, पण त्या अर्ध्या दिवसात मला सवय झाली.

बाबांशी मला बोलायचं होतं. एकच गोष्ट. त्या दिवशी मी जागी होते, हे सांगायचं होतं. तुम्ही हाक मारली ती मी ऐकली होती आणि मुद्दाम गप्प राहिले. मी मागे नुसती बसले असते तर तीन गल्ल्या तुम्ही गप्प आहात हे मला कळलं असतं. वर्षभर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण आईसमोर तोंड उघडेना. मी ठरवलं, परतीच्या वाटेवर बोलू. जेवण झाल्यावर आई गाडीत झोपते. साडेपाच तास हातात आहेत.

साडेअकराला समुद्र आला.

आईला मी हात धरून वाळूत नेलं. तिने समुद्राकडे तोंड केलं आणि तिला काहीच दिसलं नाही, मध्ये नुसता राखाडी डाग. मग ती हळूच वळली. किनाऱ्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिली, तेव्हा समुद्र तिच्या डोळ्यांच्या कडेला आला.

"एवढा?" ती म्हणाली.

ती कितीतरी वेळ तशीच आडवी उभी होती. तिचा डावा हात मी धरला होता. उजवा हात तिने शरीरापासून थोडा दूर धरला होता, बोटं किंचित वाकलेली. मी तिकडे बघितलं नाही. त्यांचं ते त्यांचं.

संध्याकाळी आणि रविवारी सकाळी परत गेलो. आई हसली. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने हसली. लाटेने तिची एक चप्पल नेली म्हणून हसली, मी दुसरी फेकून दिली म्हणून आणखी हसली. जेवून आम्ही निघालो तेव्हा वारा सुटला होता. मी आईला अनवाणी गाडीत चढवलं, तिच्या पायांची वाळू झाडली, ती गुदगुल्या होतात म्हणून ओरडली, मी हसत हसत माझ्या जागेवर बसले, किल्ली फिरवली आणि गाडी काढली.

तासाभराने आईची मान सीटला टेकली. मी आरशात दोनदा बघितलं. डोळे मिटलेले होते.

मग मी बोलले.

हळू आवाजात, समोर बघत, सगळं बोलले. जागी असल्याचं. चढाचं. त्यांचा पाय ब्रेकवरून काढायला दोन माणसं लागली, त्यातली एक मी नव्हते, त्याचं. शहराच्या दुसऱ्या टोकाला चोरून गाडी शिकल्याचं. मी म्हणाले, बाबा, मला नुसतं मागे बसायला यायचं होतं हो. टाकीजवळचं वळण आलं तेव्हा मी इतकी रडत होते की स्वतःच ब्रेक दाबला.

मी स्वतः दाबला. तेव्हा लक्षात आलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मला हलकं वाटत होतं. रविवार होता, म्हणून मीच दोन खुर्च्या मांडल्या, चपला मांडल्या आणि आईला हाक मारली.

आम्ही बसलो. मी डोळे मिटले...

फ्रिजचा आवाज.

खालच्या शिंपीकाकांचा खोकला.

बाकी काही नाही.

मग आई दाराकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाली, "तीनच झाले होते."

"काय तीन?"

"टायर. समुद्रावरून निघताना. वाऱ्यात तुला ऐकू आलं नसेल. ठप, ठप, ठप झालं आणि तू गाडी काढलीस. ते मागच्या चाकापाशी होते."

मला कळायला वेळ लागला. म्हणजे कळलं लगेच, पण ते आत शिरायला वेळ लागला.

"तू सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं बसले असतील. मी कडेनं बघत होते सारखी. सीट रिकामी होती. म्हटलं, धावत येतील, पुढच्या वळणावर बसतील. यांची सवयच ती, सगळ्याला उशीर." तिने पायाने चप्पल सरळ केली. "मग सांगणार, तेवढ्यात तू बोलायला लागलीस."

"तू जागी होतीस?"

"हो."

"मी रिकाम्या सीटशी बोलत होते आणि तू..."

"मध्येच कशी तोडू मी तुला?" आई म्हणाली. "वर्षभराने बोललीस गं."

त्या संध्याकाळी चहाही कुणी केला नाही.

त्यानंतर आम्ही तीनदा तिथे जाऊन आलो. त्याच जागी गाडी लावली, इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. तासन्‌तास बसलो. तिसऱ्या वेळी आईच्या कडाही गेल्या होत्या. तिला समुद्र दिसला नाही, ती फक्त मागच्या चाकाच्या बाजूला कान लावून बसली होती. लाटांचा आवाज येत राहिला.

बेकरीवाली म्हणते, "मास्तर उतरले ताई. तुम्हाला गाडी आली, म्हणून उतरले. ते म्हणायचेच की तसं." ती हे मनापासून म्हणते. कधीकधी मलाही पटतं. चौथ्या ठोकरीची वाट न बघता मी निघाले, त्यांच्याकडे न बघता निघाले. तेच त्यांना हवं होतं.

आणि कधीकधी मला दिसतं की ते मागच्या चाकापाशी वाकलेले आहेत आणि गाडी निघून गेली आहे. अनोळखी जागा. बायकोला दाखवायला आणलेला समुद्र. हाक मारली असेल का? मारली असेल तर या वेळी मी खरंच ऐकली नाही. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं असेल, ही परत रुसली.

आता मी रोज गाडीने कामावर जाते. निघण्याआधी गाडीभोवती चक्कर मारते आणि बुटाच्या टोकाने तीन टायर बघते.

चौथा बघत नाही. तो सोडते.

मग आत बसते, किल्लीला हात न लावता थांबते. पाच मिनिटं, कधी दहा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. मी काच खाली करून त्यांना हाताने सांगते, जा तुम्ही पुढे, आमचं एक माणूस यायचंय.